एक अक्षर जास्त

प्रिय अक्का,

छापखान्यातून सकाळपासून फोन येताहेत. "मावशी, मॅटर कधी देताय? उद्या दुपारनंतर मशीन रिकामं नाही, लग्नसराई आहे." मी म्हटलं, होतच आलंय. चक्क खोटं बोलले. कागदावर वर 'श्री' आहे आणि खाली काही नाही.

म्हणून तुला लिहायला बसले. मंगलाष्टक सुचत नाही, तर पत्र तरी सुचतं का ते बघू. पत्रात अक्षरं मोजावी लागत नाहीत. आणि ज्या माणसामुळे माझं अडलंय, जाबही त्यालाच विचारायला हवा, नाही का?

हर्षूचं लग्न आहे अक्का. तुझ्या हर्षदाचं. यावलचं स्थळ, तू हो म्हणून गेलीस तेच. तू गेल्यावर थोडं थांबू, असं माझं म्हणणं होतं. पण तुमच्याकडची मोठी माणसं म्हणाली, घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं. दाजी माझ्याकडे बघत राहिले. तुझा नवरा आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणाला आहे का? ठरलं. वर्ष संपायच्या आतला शेवटचा मुहूर्त मिळाला, तो येत्या आठवड्यात आहे.

हर्षूनं एकच गोष्ट मागितली. हॉल कुठला, साडी कुठली, जेवणात काय, कशात तिनं तोंड घातलं नाही. फोनवर म्हणाली, "मावशी, मंगलाष्टक आई म्हणणार होती. आता तू लिही अन् तूच म्हण. पण त्यात आई पाहिजे."

मी म्हटलं, असणारच.

मग तुझ्या नणंदेचा फोन आला. सुमनताई तुला माहीत आहेत, गोड बोलून खिळा ठोकतात. "मालूताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला काय सांगायचं? पण मांडवात, अक्षता पडत असताना, गेलेल्या माणसाचं नाव नको हो. सासरची माणसं समोर उभी. पहिल्याच पावलाला रडारड कशाला?"

मला रागच आला. पण बाई खोटं काय बोलली? मांडवात तुझं नाव आलं की दाजी उभे राहू शकणार नाहीत. माझा आवाजही पुढच्या अक्षराला पोचणार नाही. मी म्हटलं, बरं, नाव घालत नाही. हर्षूला तसं कळवलं. ती म्हणाली, "चालेल मावशी."

तेव्हापासून कागद कोरा आहे. तुझं नाव घालायचं नाही म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. एवढी जागा अडवून बसायची काय गरज होती गं तुला?

हसू नकोस, पण पहिल्या दिवशी लिहायला बसले तर पेनातून 'उपरोक्त विषयास अनुसरून' उतरलं. पाटबंधारे खात्यातली माझी सगळी नोकरी टिपण्या आणि स्मरणपत्रं लिहिण्यात गेली. साहेब बदलले, माझा मसुदा कुणी बदलला नाही. आणि आता चार ओळी जमत नाहीत!

दुसऱ्या दिवशी एक ओळ आली. 'आली मंगल ही घडी सुखभरी, आनंद झाला घरी.' वृत्तात अगदी चोख. लघु-गुरू जिथल्या तिथे. आणि कुणाच्याही लग्नात म्हणावी अशी. गल्लीत बँडवाला जाताना वाजवतो तशी. फाडून टाकली.

मग जुनी मंगलाष्टकं काढून वाचली, काही चोरता येतं का म्हणून. नाही आलं. ज्याचं त्याला शिवलेलं कापड ते, दुसऱ्याच्या अंगाला कसं बसणार?

काल सूनबाई म्हणाली, "आई, एवढा त्रास कशाला? मोबाईलला सांगा, तो लिहून देतो." तिनं नावं घातली, गाव घातलं, आणि मी चष्मा पुसेपर्यंत मंगलाष्टक तयार! नवजीवनाची पहाट होती, दोन मनांचा संगम होता, चंद्र, सूर्य, गंगा, यमुना सगळे हजर होते. आपली पोर तेवढी नव्हती. आणि शेवटी काय लिहावं त्यानं? 'मायबाप दोघे उभे राहुनी देती शुभाशीर्वचन.' सूनबाईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, जाऊ दे गं, त्याला कुणी कळवलं नसेल.

तोपर्यंत गॅसवर दूध उतू गेलं होतं. या आठवड्यात हे नेहमीचंच झालंय.

खरं सांगू का? आपल्या दोघींच्या कामात लिहिणारी कोण, हे मला तू गेल्यावर कळलं. लोक म्हणायचे, मालूताई लिहितात आणि अक्का म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. बी.ए.ला मराठी घेतलेलं मी, तू मॅट्रिकनंतर लग्न करून धुळ्यात गेलेली. तू फोनवर बडबडायचीस, मी ते वृत्तात बसवायचे. "मालू, तू मोज. माल मी लई येस," असं तू दुकानदारासारखं म्हणायचीस. अहिराणीची तुला कधी लाज वाटली नाही. साहेबाच्या बायकोशीसुद्धा तू तीच बोलायचीस.

आणि माल कसा आणायचीस? लग्नघरी जायचं, पुढच्या खोलीत बसायचं नाही, सरळ आत जाऊन पोरीच्या आईशेजारी बसायचं. पोरीचं शिक्षण, गुण, स्वयंपाक, काही विचारायचं नाही. एकच विचारायचं. "पोर रुसीसन कोठे बसस व?"

पोर रुसून बसते कुठे? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, अक्का, हे काय विचारणं झालं? लग्नाच्या घरात रुसण्याच्या गोष्टी? तू म्हणालीस, गुण सगळेच सांगतात आणि सगळ्यांचे सारखेच असतात. रुसायची जागा मात्र ज्या-त्या पोरीची वेगळी. आणि ती आईलाच माहीत असते.

धरणगावचं ते लग्न आठवतं? पोर रुसली की गव्हाच्या कोठीमागे जाऊन बसायची, आणि बाप तिला शोधायला नेहमी गच्चीवर जायचा. तू मला फोनवर कोठी दिलीस, मी ती वृत्तात बसवली. मांडवात तू ती ओळ म्हटलीस आणि सगळी माणसं हसली. आणि तो एवढा मिशाळ बाप उपरण्यात तोंड घालून रडला. "मी गच्चीवरच शोधत राहिलो," म्हणत होता. त्यानंतर धुळ्या-जळगावात आपल्याला लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

श्वासावरून आठवलं. आपलं भांडण.

मंगलाष्टकाची ओळ एकोणीस अक्षरांची. बाराव्या अक्षराला थांबायचं, श्वास घ्यायचा, मग उरलेली सात. 'कुर्यात् सदा मंगलम्' ही ती सात. किती वेळा सांगितलं तुला? पण तू त्या थांब्यावर श्वास घ्यायची नाहीस. तिथे 'व' घालायचीस! नवरीला हाक मारल्यासारखा. आपल्याकडे बाईमाणसाला 'काय व', 'ये व', 'जाय व' म्हणतात, तोच हा 'व'. मी लिहिलेल्या प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीत तो घुसवायचीस.

"अक्का, एक अक्षर जास्त होतंय."

"होऊ दे."

"तिथे श्वास घ्यायचा असतो."

"माले दम लागत नही."

"अगं, वृत्त मोडतं!"

"बठ्ठा मांडव ऐकी राहिंता. तुन्ही अक्षरे कोनी मोजी?"

सगळा मांडव ऐकत होता, खरं आहे. अक्षरं कुणीच मोजली नसतील. मी मोजायचे ना! मांडवात कोपऱ्यात उभी राहून बोटांवर मोजायचे आणि तो 'व' आला की डोळे मिटून घ्यायचे. चूक ती चूकच. आजही माझं तेच मत आहे. मेल्यामुळे तुझं वृत्त सुधारलेलं नाही.

दवाखान्यात शेवटी तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास तेव्हा मला वाटलं, काही महत्त्वाचं सांगतेस. नर्स ओरडली. तू म्हणालीस, "हर्षूनं मंगलाष्टक मीच म्हनसू. तू नको म्हनजो, तुना आवाज फाटस." हर्षूचं तूच म्हणणार, माझा आवाज फाटतो! जाता जाता माझ्या आवाजाला नावं ठेवून गेलीस! आणि काम माझ्याच गळ्यात.

तर अक्का, मी तुझ्याच वाटेनं जायचं ठरवलं. मागच्या आठवड्यात जळगावहून धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, सगळीकडे ऊन नुसतं भाजत होतं. घरी पोचले तर घरात पाहुण्यांची वर्दळ, गच्चीवर बायका, खाटांवर ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले. दाजी पत्रिकांवर नावं टाकत बसले होते. मी पाणी प्यायले आणि विचारलं, "दाजी, हर्षू रुसली की कुठे बसायची?"

दाजींनी पेन ठेवलं. बराच वेळ विचार केला बिचाऱ्यांनी. "रुसायची की. चांगली फणफणायची. पण कुठे बसायची..." मग म्हणाले, "घरात दिसायची नाही, एवढं खरं. संध्याकाळी यायची. मी विचारलं की ही म्हणायची, येईल ती, तुम्ही जेवून घ्या."

"पण जायची कुठे?"

"ते हिलाच माहीत."

झालं! पोरीच्या आईलाच माहीत असतं, हे तूच सांगितलेलं. मग पोरीची आईच नसेल तर माल आणायचा कुठून, हे का नाही सांगून ठेवलंस? सगळ्या खानदेशातल्या पोरींच्या रुसायच्या जागा मला फोनवर सांगितल्यास, घरच्या पोरीची तेवढी सांगायची राहिली?

मग हर्षूलाच विचारलं. ती आरशासमोर ब्लाउज अंगाला लावून बघत होती. ब्लाउज खांद्यात सैल होता, मला दारातून दिसत होतं. शिंपीणबाईंनी विचारलं, "ताई, खांदा घेऊ का?" ही म्हणाली, "राहू दे, चालेल." अक्का, ही आपली हर्षू? दहावीत गणवेशाची बाही बोटभर लांब झाली म्हणून शाळेत न गेलेली?

मी म्हटलं, "हर्षू, तू रुसलीस की कुठे गं बसायचीस?"

तिनं माझ्याकडे जरा चमत्कारिक बघितलं. हसलीही थोडी. मग म्हणाली, "आता रुसू कुणावर मावशी?" आणि ब्लाउज घडी करून आत निघून गेली.

परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांपुढे तो सैल खांदाच होता.

कारण मला असोद्याचं ते घर आठवलं. तू त्या नवरीच्या आईला तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास आणि ती बाई अभिमानानं म्हणाली, आमची पोर रुसतच नाही हो, जे द्याल ते खाते, जे सांगाल ते करते. बाहेर आल्यावर तू रिक्षात गप्प होतीस. तू आणि गप्प! मग म्हणालीस, "मालू, देवांची नावं घाल अन् मोकळी हो. जी पोर रुसस नही, तिले त्या घरमा जागा नही शे." त्या पोरीचं मंगलाष्टक मी गणपतीपासून मारुतीपर्यंत नावं घालून पुरं केलं. ते काढून परवा वाचलं. एकही अक्षर जास्त नाही. त्यात तू 'व'सुद्धा घातला नव्हतास.

तुझी पोर आता तशी झालीय, अक्का. हो मावशी, बरं मावशी, चालेल मावशी. सुमनताई कौतुकानं म्हणतात, आईमागे किती समजूतदार झाली बघा. समजूतदार कसली? तिला रुसायला घरात माणूस उरलेलं नाही. अशीच 'चालेल' म्हणत ती यावलच्या घरात जाईल आणि तिथेही सैल ब्लाउज घालून फिरत राहील. मंगलाष्टक सुचत नाही, ही काळजी मागे पडली आणि ही पुढे आली. दोन्ही एकच आहेत की काय, कोण जाणे.

इथपर्यंत लिहिलं आणि दारावर टकटक झाली. पत्र तसंच टाकून उठले. आता पुढचं लिहितेय ते सगळं होऊन गेल्यावर.

दारात हर्षू होती! लग्न तोंडावर आलेलं, हळदीची पोर, आणि भर उन्हात एस.टी.नं जळगावात! चेहरा लाल, ओढणी डोक्यावर. मी ओरडलेच. "अगं, घरी सांगितलंस का? नवरीनं असं बाहेर पडायचं असतं का? पाणी तरी प्यायलीस का वाटेत?"

ती आत आली. चप्पल काढली, घरातून सरळ मागे गेली आणि मागच्या दाराच्या पायरीवर, धुण्याच्या दगडाकडे तोंड करून, जाऊन बसली.

मी म्हटलं, "जेवतेस?"

"भूक नाही."

मी कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा ताटलीत घालून तिच्या शेजारी ठेवला. काही न बोलता आत आले. थोड्या वेळानं डोकावले तर भाकरी निम्मी संपली होती. तिसऱ्यांदा गेले तर ताटलीत काही नव्हतं.

आणि अक्का, मी काय करत होते माहीत आहे? टेबलावरच्या फोनकडे बघत उभी होते. फोनची वाट बघत होते. कुणाच्या, ते मलाच समजेना. मग एकदम आठवलं. हर्षू अशी आली की थोड्या वेळानं तुझा फोन यायचाच.

"पोचनी का व पोर?"

"आलीय."

"काई बोलनी?"

"नाही. पायरीवर बसलीय."

"बसू दे. भाकर ठेव तिना जोडे. खाई ती."

तिच्याजवळ भाकरी ठेव, एवढं सांगून तू फोन ठेवून द्यायचीस! इतकी वर्षं मला वाटायचं, पोरीला मावशीची ओढ आहे. माझ्या हातची भाकरी आवडते. कॉलेजात असताना वाटायचं, जळगावात पुस्तकं घ्यायला येते. अगं, मी सूनबाईला ऐकवायचे, "बघ, सख्खी भाची कशी न बोलावता येते!"

मी मागच्या दारात गेले. "हर्षू, तू रुसलीयस का?"

"हो."

"कुणावर?"

"तुझ्यावर." पाठ फिरवूनच. "आत्याचं काय, ती तशीच. पण तू? आईनं तुला एवढं छळलं, एवढी भांडलीस तिच्याशी, अन् सुमनआत्याच्या एका फोनवर आईला काढून टाकलंस? आणि मला फोन करून सांगतेस, जसं काही मांडवाचा रंग बदलला!"

"मग तेव्हाच का नाही बोललीस? चालेल म्हणालीस ना?"

"सगळ्यांना चालेल म्हणायची सवय लागली. रात्री बसून विचार केला, रागावू कुणावर? बाबांवर रागावलं तर तेच रडतात. मग सकाळी उठले अन् गाडीत बसले."

मला खरं म्हणजे वाईट वाटायला हवं होतं. पण काय सांगू, अक्का, मला इतकं बरं वाटलं! पोर रुसली होती. माझ्यावर का होईना, चांगली फणफणून रुसली होती.

मी पायरीवर तिच्याजवळ बसले. गुडघे कुरकुरले. विचारलं, "पूर्वी आईवर रुसायचीस तेव्हा इथेच यायचीस?"

"मग दुसरीकडे कुठे? तुला खरंच माहीत नव्हतं?" आता ती वळली. "आईला माहीत होतं की. मी पायात चप्पल घातली की ती आतून ओरडायची, जाय, पन सुटा पैसा लई जाय, कंडक्टर कटकट करस!"

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. पार डोळ्यातून पाणी येईपर्यंत. सूनबाई आतून धावत आली, काय झालं म्हणून. सांगणार काय तिला? रुसायला निघालेल्या पोरीला गाडीभाडं देणारी आई सांगून कळते का?

तर ही पोरीची रुसायची जागा. माझ्या घरची पायरी, जिच्यावर मी रोज कपडे पिळते. तू मला सगळ्या गावची ठिकाणं सांगितलीस, हे तेवढं कधी सांगितलं नाहीस. का? मी चौकशा करीन म्हणून? की पोरीला समजवायला बसेन, टिपणी लिहीन, म्हणून? बरोबरच होतं तुझं. मला माहीत असतं तर पायरीचं ऑफिस झालं असतं.

उठले ते थेट टेबलाशी. खोटं सांगत नाही, भाजी फोडणीला पडायला वेळ लागतो तेवढ्यात चार ओळी झाल्या. ऐक.

आली जी रुसुनी कधी मजकडे, सोडी न ती पायरी
नाही भूक म्हणे, तरी हळुहळू खाई पुरी भाकरी
आता ती तुमची, रुसेल तर ती, द्यावी तिला ओसरी
जा पोरी, पण ये रुसून फिरुनी, व, कुर्यात् सदा मंगलम्

सुमनताईंना यात कुणाचं नाव सापडतं का, बघू दे. चष्मा लावून शोधू दे. 'नवरीला रुसून परत ये म्हणता?' असं मात्र नक्की म्हणतील. म्हणू देत. त्यांना मी सांगणार आहे, ताई, पोर रुसून कुठे जाते हे माहीत असलं की घरच्यांना जेवण जातं. दाजींना विचारा.

हर्षूला वाचून दाखवलं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. दुसऱ्या ओळीला म्हणाली, "पुरी नाही खाल्ली मी!" मी ताटली दाखवली. मग शेवटची ओळ आली. तिचे ओठ हलत होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. हे मोजणं मी तिला आठवीत शिकवलं होतं, तुला न जुमानता.

"मावशी, एक अक्षर जास्त होतंय."

"होऊ दे," मी म्हटलं.

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि तो 'व' बोटानं हळूच झाकला, पुन्हा उघडला. जाताना म्हणाली, "आणि मावशी, तो ब्लाउज. खांद्यात सैल आहे. मी नाही तसा घालणार." मी म्हटलं, घालूच नकोस. तिला गाडीत बसवून दिलं. आणि मग धुळ्याला दाजींना फोन लावला. "निघालीय. दिवेलागणीपर्यंत पोचेल. काही विचारू नका, जेवायला ठेवा." तिकडून दाजी म्हणाले, "म्हणजे तिथे यायची होय?"

इथे ती पायरी आता रिकामी आहे, ताटली अजून तिथेच आहे आणि मला पुन्हा धडकी भरलीय. लिहून झालं, आता म्हणायचं आहे. माझा आवाज फाटतो, हे तू सांगून गेलीस. समोर हजारभर माणसं, माइकची शिट्टी, गुरुजी घड्याळाकडे बघणारे, अंतरपाटाच्या अलीकडे हर्षू, आणि दाजी माझ्याकडे बघत असणार. बाराव्या अक्षरापर्यंत मी पोचेन. पुढचं मला माहीत नाही. छापखान्यात कागद देऊन येईन तेव्हा त्यांना बजावणार आहे, तो 'व' चुकून पडलेला नाही, गाळू नका. तुमचा मुद्रितशोधक माझ्यासारखा असेल तर त्याला आधी सांगा.

आणि तुला एक शब्द देते, अक्का. त्या जागी सगळ्या जगानं श्वास घ्यायचा असतो. तुला मी आयुष्यभर तेच सांगितलं. मी मात्र घेणार नाही. आवाज फाटला तरी चालेल, दम कोंडला तरी चालेल, तो 'व' मी पुरता म्हणेन आणि मगच पुढे जाईन.

तुझीच,
अक्षरं मोजणारी
मालू